रडणाऱ्या आईचे अश्रू

रांग सभागृहाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती आणि त्या रांगेत न खोकणारा माणूस शोधावा लागला असता. आत, उघड्या लाकडी पेटीत एक बाई निजली होती. पाण्याचा नळ टाकायला जुनी दफनभूमी खणताना ती सापडली. शंभरेक वर्षांपूर्वी तापाच्या मोठ्या साथीत मेलेली, पण गाल शाबूत, हातांची बोटं शाबूत. आणि ती रडत होती. सगळ्यांदेखत तिच्या पापण्यांवर थेंब धरत आणि गालांवरून ओघळत.

पेटीजवळ सेवकबाबा उभा असे. गेल्या वर्षापर्यंत तो केस उगवायचं तेल विकत होता.

"आई तुमच्यासाठी रडते," तो रडवा सूर लावून सांगे. "जितकी लेकरं जास्त, तितके अश्रू जास्त. रिकाम्या घरात आई कशाला रडेल?"

मग तो बोटाने अश्रू टिपून समोरच्याच्या जिभेला लावी. पुन्हा तेच बोट, पुढची जीभ. इस्पितळाचं औषध घेतलं तर आई रुसते, हेही तो न विसरता बजावी. शहरात नवा ताप घरोघर शिरला होता आणि इस्पितळातल्या खाटा मात्र रिकाम्या पडू लागल्या होत्या.

त्या शहरात एका म्हातारीला लोक 'मड्यांची डॉक्टरीण' म्हणत. त्या जुन्या साथीच्या विषाणूमागे तिने उभा जन्म घालवला होता. तरुणपणी बर्फाळ मुलखात जाऊन तिने कबरी उकरल्या, नखाएवढे फुप्फुसाचे तुकडे आणले आणि त्यांत उरलेले विषाणूचे अवशेष जुळवता जुळवता तिचे केस पिकले. लग्न राहून गेलं. आई गेली तेव्हाही ती वेळेवर पोचली नाही. निवृत्तीनंतर धाकट्या भावाकडे राहायला आली, तर आता भावाच्याच छातीत ताप उतरला होता. भाऊ शिंपी. शिवणयंत्रावर अर्धा सदरा तसाच पडून होता.

भावजय त्याला अश्रू चाटवून आणत होती. म्हातारीने तिला परोपरीने समजावलं, डॉक्टरला बोलावते म्हणाली. भावजयीने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही मेलेल्यांचं शिकलात," ती म्हणाली. "मला हे जिवंत हवेत."

दुसऱ्या दिवशी नाकातोंडाला फडकं बांधून म्हातारी रांगेत उभी राहिली. शाबूत देहाचं तिला नवल नव्हतं. हवा न पोचणाऱ्या ओल्या चिकणमातीत देहातली चरबी साबणासारखी घट्ट होते, असे देह तिने पाहिले होते. पण पेटीशी वाकताच बोटांना गारठा लागला. एवढ्या गर्दीत, एवढ्या उकाड्यात तो कुठून आला? ती तशीच घरी गेली आणि झाकणाच्या डब्यात बर्फ भरून, डबा कोरडा पुसून परत आली. तोवर रांगेत भावजय आली होती, तिच्या खांद्यावर मान टाकून भाऊ.

म्हातारीने डबा पुन्हा कोरडा पुसून बाईच्या उशाशी ठेवला. लोक बघत राहिले. थोड्या वेळात डब्यावर थेंब धरले, मग ओघळले.

"आईच्या सहवासात डब्यालाही पाझर फुटला!" सेवकबाबाने हात जोडले.

"मग घरून निघताना माझ्या ओट्यावर का फुटला होता?" म्हातारीने विचारलं आणि जवळच्या मासळीवाल्याला पेटीतली बाईखालची चादर ओढायला सांगितली. खाली भुसा होता आणि भुशात बर्फाच्या लाद्या. मासळीवाला ओशाळला. लाद्या त्याच्याच दुकानातल्या होत्या. बाबांनी सरबतासाठी म्हणून नेल्या होत्या.

"हे अश्रू नाहीत," म्हातारी म्हणाली. "गार अंगावर तुमच्याच श्वासातली वाफ धरते. गर्दी जास्त, तर थेंब जास्त. या थेंबांनी ताप जात नाही. हे बोट मात्र एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात घालतं. आणि ही बाई अशाच तापाने गुदमरून मेली. तिला स्वतःला वाचता आलं नाही, ती तुम्हाला कशी वाचवेल?"

काही लोक गुपचूप निघून गेले. काही तिथेच उभे राहिले आणि निदान आजचा अश्रू तरी द्या म्हणू लागले. सेवकबाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता.

भावजयीने भावाला तिथून थेट इस्पितळात नेलं. प्राणवायू लावला, तरी तो पोटातून श्वास ओढत होता. दोन दिवसांनी तो श्वास थांबला.

"आधी आणलं असतं तर वाचले असते?" भावजयीने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "बहुतेक," ती म्हणाली. "नक्की कोणीच सांगू शकणार नाही."

घरी आल्यावर भावजयीने शिवणयंत्रावरचा अर्धा सदरा घडी करून ठेवला.

त्या बाईला पुन्हा मातीत ठेवलं. महिन्याभरात बातमी आली की सेवकबाबा नदीपलीकडच्या वस्तीत तिच्या चादरीचे तुकडे वाटतोय. भावजयीने चप्पल घातली आणि ती तिकडे गेली. म्हातारी सोबत निघाली, पण बोलायचं काम भावजयीनेच केलं. रांगेच्या शेवटापासून ती एकेकापाशी थांबत गेली.

"माझा नवरा अशाच रांगेत उभा होता," ती प्रत्येकाला सांगत होती. "तो गेला. तुम्ही माझं ऐकू नका, बाबाचंही ऐकू नका. चादरीने ताप कसा जातो ते त्याला विचारा, आणि तो सांगेपर्यंत आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या."

एक बाई पोराला छातीशी धरून रांगेतून बाहेर पडली. बाकीची रांग पुढे सरकली.

भावजय पुढच्या माणसाकडे वळली.