गोगलगायीची हाक

केनीला पुरून वॉल्ट मार्सडेन शेफील्डहून लंडनला परतला, तोवर स्टुडिओत त्याच्या भावाचा आवाज पुसून झाला होता.

पुसला म्हणजे सरळ पुसलाच. टेपवर आठ पट्टे, एकेका वाद्याला नि आवाजाला एकेक, आणि आठही भरलेले. बँडला केनीच्या जागी ज्युलियन नावाचा नवा गायक मिळाला होता नि त्याला गायला जागा हवी होती. म्हणून निर्माता पेटिफरनं त्याला केनीच्याच पट्ट्यावर गायला लावलं. यंत्राला काय, ते आधी जुनं खातं आणि त्याच जागी नवं लिहितं. त्याला कुणी मेलंय, कुणी जिवंत आहे, कशाचं सुतक नाही.

"अरे, कच्चा आवाज होता तो," पेटिफर म्हणाला. "बाकीच्यांना अंदाज यावा म्हणून गायलेला. पक्का नंतर भरायचा होता. तुला काय मी सांगायला हवं?"

सांगायला नकोच होतं. पक्का आवाज भरायच्या आधीच धुक्यात केनीची गाडी ट्रकखाली गेली. गाणं त्यानंच लिहिलेलं, चालही त्याचीच.

पण वॉल्ट घरी शब्द देऊन बसला होता. दफनानंतर लोक बैठकीत हॅमचे सँडविच खात होते, तेव्हा आईनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "फोटो ढीगभर आहेत रे. पण फोटो बोलतो का? त्या तबकडीवर माझ्या केनीचा आवाज राहू दे. एवढं कर माझ्यासाठी."

"राहील, आई," तो म्हणाला. आता कुठला राहतोय? गेला तो.

"मला नुसते माझे ड्रम ऐकवा," वॉल्ट म्हणाला. का म्हणाला, देव जाणे. पेटिफरनं बाकीचे पट्टे बंद केले. ड्रम धडधडू लागले, आणि त्यांच्या मागे, भिंतीपलीकडून आल्यासारखा, केनी गात होता! गाताना तो ड्रमच्या शेजारीच उभा होता ना. ड्रमच्या माइकांनी त्यालाही टिपलं होतं. मग मधला थांबा आला. तिथे सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि क्षणभरानं ड्रम उसळतात. वॉल्ट तिथे नेहमी किंचित उशीर करायचा. त्या शांततेत केनीचा आवाज खणखणीत आला, "झोपलास का, गोगलगाय?"

लहानपणापासून हेच नाव. वॉल्टचे डोळे भरून आले नि हसूही फुटलं. "आहे की हा! आहे अजून!"

"तेच तर दुखणं आहे," पेटिफर म्हणाला. "ज्युलियन गातोय आणि खालून तुझा भाऊ कुजबुजतोय. एका मांडवात दोन नवरदेव चालतात का? ड्रम पुन्हा वाजवायचे."

"त्याच पट्ट्यावर?"

"मग काय माझ्या टकलावर?"

"आधी याची एक प्रत काढून द्या, साहेब. आईसाठी हवीय."

पेटिफरनं नजर चुकवली. "कंपनीची सक्त ताकीद आहे. जुन्या गायकाचा एक सूर बाहेर गेला तर माझी नोकरी जाईल. आणि हे बघ, तू नाही म्हणालास तर दुसरा ड्रमवाला बाहेर चहा पीत बसलाय. वाजणार तर आहेच."

वॉल्टला वाटलं, या माणसाचं थोबाड फोडावं. फोडून काय होणार होतं? बाहेर बसलेला तो चहा संपवून आत येणार. केनीची शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा वॉल्टनं परक्याचा खांदा लागू दिला नव्हता. मग हे काम तरी परक्याला का द्यायचं? तो ड्रमपाशी जाऊन बसला.

कानात गिटार, कानात ज्युलियन. त्यानं काठ्या उचलल्या. एकेक ठोका पडत होता आणि एकेका ठोक्याबरोबर मागचा केनी जात होता. हात मात्र हरामखोर, कधी नव्हे इतके छान चालले होते. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आणि थांबा आला.

सगळं गप्प. त्या शांततेत वॉल्टच्या तोंडून, त्याला न विचारता, आरोळी बाहेर पडली, "झोपलास का, गोगलगाय?"

आणि जन्मात पहिल्यांदा तो थांब्यानंतर वेळेवर उतरला. मग शेवटपर्यंत रडत वाजवत राहिला.

काचेपलीकडे पेटिफर खवळला होता. "हे काय मधेच?" पण त्यानं पट्टा पुन्हा ऐकला, ज्युलियननं ऐकला. "अहो, राहू द्या," ज्युलियन म्हणाला. "अंगावर काटा आला. ठेवाच."

ठेवलं. गाणं तुफान चाललं. लोक ते बाकी विसरले तरी थांब्याची आरोळी विसरत नव्हते.

वसंतात वॉल्ट घरी आला. आई बटाटे सोलत होती, खिडकीत रेडिओ होता. गाणं लागलं. नव्या माणसाचा गळा ऐकून तिचं तोंड आंबट झालं. वॉल्टनं मान खाली घातली. मग थांबा आला, आणि आरोळी.

आईच्या हातातली सुरी पडली. "केनी! अरे, आपला केनी!" तिनं वॉल्टचा चेहरा ओल्या हातांनी धरला. "ठेवलास तू. मी म्हटलं होतं, माझा वॉल्ट शब्दाला जागेल."

दोघा भावांचे आवाज पहिल्यापासून एकसारखे. जिन्यावरून हाक आली की कुणाची ते न कळून आई दोघांचीही नावं घ्यायची.

"हो, आई," वॉल्ट अगदी हळू म्हणाला. "त्याचाच आहे."

त्यानंतर आईच्या घरात तो कधी मोठ्यानं बोलला नाही.