मायलेजची शर्यत आणि दोन जावा

टाइल्सच्या कारखान्याने कामगारांची बस बंद केली, तेव्हा त्या घरातल्या दोन्ही जावांना आपण रोज किती लांब जातो हे पहिल्यांदा कळलं. बसमध्ये बसलं की डोळा लागायचा, आणि जाग यायची ती थेट कारखान्याच्या फाटकाशी. मधला सगळा महामार्ग त्यांनी मिटल्या डोळ्यांनी पार केला होता. थोरली तिथे टाइल्स तपासायची; टिचकी मारून नुसत्या आवाजावरून बारीक तडा ओळखायची. धाकटी रंग मिसळायच्या विभागात होती. दोघींच्या पाळ्या एकच, त्यामुळे दोघींत मिळून एक गाडी घ्यायची असं ठरलं. आणि पल्ला इतका लांबचा, म्हणून ती डिझेलवर चालणारी घ्यायची, इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत होतं.

पुढे मात्र दोन भाऊ होते.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो सावकाश बोलायचा, सावकाश जेवायचा आणि आपलं मत बदलायला त्याहून जास्त वेळ घ्यायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सगळं झटपट लागायचं. जुन्या गाड्या विकणारा एक जण थोरल्याचं गिऱ्हाईक होता. कुठल्याही प्रश्नाला तो “एकदम टकाटक!” एवढंच उत्तर द्यायचा, म्हणून सगळे त्याला टकाटकच म्हणत. त्याच्या आवारात डिझेलच्या तीन गाड्या उभ्या होत्या. त्यातली लांबडी चंदेरी थोरल्याच्या मनात भरली. “महामार्गावर गाडी जड हवी. रस्ता धरून चालते,” तो म्हणाला. धाकट्याला बुटकी लाल आवडली. “दादा, जड गाडी म्हणजे डिझेल पिणारा हत्ती. हलकी गाडी उंदरासारखी पळते आणि उंदराएवढंच खाते.”

“उंदीर महामार्गावर टिकत नाही,” थोरला म्हणाला.

तिसरी गाडी मातकट रंगाची, मागून लांब डिक्कीची होती. तिच्याकडे दोघांनी पाहिलंही नाही.

वाद आठवडाभर चालला. जेवताना टॉर्क, गिअर आणि टायरमधली हवा याशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटी सासूबाई कंटाळल्या. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून केलेली, त्यामुळे त्यांचा साधा आवाजही तीन खोल्यांत ऐकू जायचा.

“शर्यत लावा,” त्या म्हणाल्या. “टकाटककडून दोन्ही गाड्या चार दिवस मागून आणा. टाक्या काठोकाठ भरा. एकच रस्ता, एकच वेळ. चार दिवसांनी पुन्हा भरा. जिला कमी डिझेल लागेल ती घरात येईल. ज्याची गाडी त्याने चालवायची. आणि नवऱ्याच्या गाडीत बायको बसायची नाही, उगाच पक्षपात नको. मी पंच.”

थोरल्याने लगेच दुकान बंद ठेवायची आणि धाकट्याने रजा टाकायची तयारी दाखवली. बायकांना रोज नेऊन सोडायला ज्यांना एरवी कधी सवड झाली नव्हती, ते दोघे आता पहाटे उठून टायर पुसणार होते.

जावांनी नुसती मान डोलावली. त्याला कारण होतं. आधल्या शनिवारी पाळी लवकर सुटली होती, आणि दोघी घरी न सांगता टकाटककडे जाऊन आल्या होत्या. थोरलीने मातकट गाडीचं दार उघडलं, सीट वर घेतली, आरसा वळवला आणि गाडी आवाराबाहेर काढली. लग्नाआधी ती वडिलांच्या लॉन्ड्रीची व्हॅन चालवायची. सासरी हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. महामार्गावर तिने सहावा गिअर टाकला, तशी गाडी अशी शांत झाली की शेजारी बसलेल्या धाकटीला मागच्या सीटवरच्या टकाटकचा श्वास ऐकू येऊ लागला. आधीचा मालक रोज लांब जायचा, त्यामुळे गाडीचा धुराचा फिल्टर साफ होता. गावातल्या गावात फिरवली असती तर तो तुंबला असता. एवढी माहिती टकाटकच्या तोंडून काढायला थोरलीला बरेच प्रश्न विचारावे लागले होते.

“ताई, हीच,” धाकटी म्हणाली होती.

“हीच. पण घरी सांगायचं नाही. नाहीतर दोघे एक होतील आणि हिच्यात खोट काढतील.”

अडचण वेगळीच होती. शर्यतीत एक भाऊ जिंकला असता, तर दुसरा वर्षभर तोंड फुगवून बसला असता. फ्रिज घेताना हे एकदा होऊन गेलं होतं. थोरला तेव्हा उन्हाळाभर कोमट पाणी प्यायला होता. त्यामुळे दोघेही हरायला हवे होते, आणि चांगले सपशेल: दोन्ही गाड्यांनी इतकं डिझेल प्यायला हवं होतं, की कुठलीच घरात नको वाटावी.

पहिल्या दिवशी थोरली दिराच्या लाल गाडीत बसली आणि धाकटी चंदेरीत, थोरल्याच्या मागे. पाळी सुटेपर्यंत दोघे भाऊ फाटकाशीच थांबणार होते. जेवणाच्या सुट्टीत ते चहाला निघाले, तेव्हा धाकटीने “आमच्या छत्र्या राहिल्या” म्हणून दोघांकडून किल्ल्या मागून घेतल्या. माल चढवणाऱ्या दोघांना थोरलीने आधीच सांगून ठेवलं होतं. रंग चुकलेल्या टाइल्सची खोकी, फाटकावर रीतसर नोंदवून, दोन्ही डिक्क्यांत सारखी वाटून भरली गेली.

“डिक्कीत आमच्या पिशव्या आहेत हं,” थोरली दिराला म्हणाली. “बायकी सामान आहे. उघडू नका.”

“छे छे, वहिनी! मी डिक्कीला हातच लावणार नाही,” धाकटा इतक्या घाईने म्हणाला, की थोरलीला जरा नवल वाटलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही भाऊ ओळखू येईनासे झाले होते. धाकट्याने लाल गाडीचे टायर हवा भरून दगडासारखे केले होते. उतार आला की तो गिअर काढून टाकायचा आणि गाडी नुसती सोडून द्यायचा. ब्रेक दाबणं त्याच्या जिवावर इतकं यायचं, की वळणावर थोरली डोळे मिटून घ्यायची. “ब्रेक म्हणजे जळलेलं डिझेल, वहिनी,” तो तिला समजावायचा. चंदेरीत वेगळीच तऱ्हा. थोरल्याने कोंबड्या नेणारा एक टेम्पो हेरून ठेवला होता. पुढे मोठी गाडी असली की वारा कमी लागतो आणि इंजिनावर ताण येत नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून तो रोज त्या टेम्पोला चिकटून जायचा. समोरच्या काचेवर पिसं येऊन बसायची, आणि मागे धाकटी नाकाला रुमाल लावून बसायची. रुमाल कोंबड्यांमुळेच होता असं नाही.

“दादा, गाडीत डिझेलचा वास येतोय.”

“चष्म्याच्या काचा पुसायचं औषध आहे,” थोरला आरशात न बघता म्हणाला. “पायाशी ठेवलंय. नवीन आलंय.”

चौथ्या दिवशी परत येताना लाल गाडी पुढे होती. ऊन तापलं होतं, उतार होता, आणि धाकटा गिअर काढून शीळ घालत होता. मागचा टायर असा फुटला, की थोरलीला वाटलं कारखान्याची भट्टीच उडाली. गाडी दोनदा डुलली आणि रस्त्याच्या कडेच्या खडीत जाऊन थांबली.

दोघं उतरली. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. आता साधं काम होतं: डिक्की उघडायची आणि स्टेपनी काढायची. पण दोघंही डिक्कीसमोर जाऊन उभी राहिली आणि कुणीच हात पुढे करेना.

“वहिनी, ऊन फार आहे. तुम्ही आत बसा. मी बघतो,” धाकटा म्हणाला.

“नको. तुम्हीच सावलीत बसा, भाऊजी. आमच्या पिशव्या आहेत, मी काढते.”

“पिशव्या राहू देत हो. आपण दादाची वाट बघू.”

“हो, ते बरं,” थोरली लगेच म्हणाली.

मग दोघांनाही शंका आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरलीचा हात डिक्कीवर होता, दिराचा तिच्या हाताशेजारी. कुणी आधी उघडली ते पुढे कधीच ठरलं नाही. ते दोघे आजही एकमेकांचं नाव घेतात. डिक्की उघडली. स्टेपनीच्या खळग्यात स्टेपनी नव्हती. जॅक नव्हता, पाना नव्हता, खालचा गालिचासुद्धा नव्हता. होती ती टाइल्सची खोकी, नीट रचलेली.

“स्टेपनी कुठंय?” थोरलीने विचारलं.

“हे काय आहे?” दिराने विचारलं.

दोघांनी एकदमच विचारलं होतं, त्यामुळे उत्तर कुणालाच द्यावं लागलं नाही.

“वजन कमी केलं होतं,” धाकटा शेवटी पुटपुटला. “स्टेपनी घरी पलंगाखाली आहे.”

“आम्ही ते भरून काढलं,” थोरली म्हणाली.

“म्हणजे गेले चार दिवस मी... माझ्या बायकोलाही ठाऊक आहे?”

“किल्ली तिनेच मागितली होती.”

धाकट्याने डोक्याला हात लावला. पण तक्रार करायची कुणाकडे? पंचांकडे जायचं तर पलंगाखालची स्टेपनी आधी बाहेर आली असती. दोघांनी तिथेच तह केला, की कुणी काही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने कोंबड्यांचा टेम्पो दिसला, आणि त्याच्या शेपटाला चंदेरी. थोरल्याने गाडी कडेला घेतली. टायरच्या चिंध्या पाहून त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली. मग त्या काळजीमागून हळूच समाधान आलं.

“हलक्या गाडीचं असंच असतं,” तो म्हणाला. “काळजी करू नकोस. माझ्या डिक्कीत सगळं सामान आहे.”

“दादा, थांबा!” धाकटी ओरडली. पण सावकाश माणूस नेमका तेव्हाच चपळ निघाला. त्याने डिक्की उघडली. टाइल्स पाहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. टाइल्स तिथेच होत्या. धाकटी आभाळाकडे बघत राहिली.

“हे कुणी केलं?”

थोरली टायरच्या चिंध्या गोळा करू लागली. धाकटा मात्र फुटला. तो असा हसायला लागला की त्याला गाडीला टेकावं लागलं. थोरला लाल झाला. “हा कट आहे! मी चार दिवस प्रामाणिकपणे...”

“दादा,” धाकटी हळूच म्हणाली, “ते काचा पुसायचं औषध दाखवा ना सगळ्यांना.”

थोरला पुन्हा चष्मा पुसू लागला. धाकट्याने पुढचं दार उघडलं, जाकीट बाजूला केलं आणि कॅन बाहेर काढला. झाकण उघडून हुंगला. “वा! दादा, गिऱ्हाइकांच्या चष्म्याला हे लावतोस? रोज दुपारी टाकीत ओतत होतास ना?”

“रोज नाही,” थोरला दुखावल्यासारखा म्हणाला. “एक दिवस माणसं बघत होती.”

मग थोरलीही हसली. चौघं रस्त्याच्या कडेला खडीत बसून हसत होती, आणि जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. सगळ्यांत शेवटी थोरला हसला. पण एकदा सुरू झाल्यावर त्यालाच थांबवावं लागलं.

“पण का?” डोळे पुसत त्याने बायकोला विचारलं. “तुला चंदेरी नको होती, तर सांगायचं होतंस.”

“अहो, मला दोन्ही नको होत्या. शर्यत लागली, नियम झाले, पंच झाल्या. गाडी रोज चालवणार कोण, हे विचारलंत का कुणी?”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. खरंच, त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात गाडी आपोआप कारखान्यात जात-येत होती.

“तुला कुठे येते चालवायला?” थोरला म्हणाला.

थोरलीने हात पुढे केला. “किल्ली द्या.”

चंदेरीची स्टेपनी लाल गाडीला बसणारी नव्हती, म्हणून तिच्या जॅकने लाल गाडीचं फुटलेलं चाक उतरवलं. टाइल्सची खोकी काढून कडेला रचली, चाक चंदेरीत घातलं. खोक्यांच्या राखणीला धाकटा आणि त्याची बायको थांबली. थोरली चाकामागे बसली, सीट पुढे ओढली, आणि नवऱ्याला पट्टा लावायला सांगितलं. पुढे चहाला थांबून नुकताच निघालेला कोंबड्यांचा टेम्पो तिने पहिल्याच सरळ रस्त्यावर मागे टाकला. थोरल्याने वरची कडी घट्ट धरली होती. थोड्या वेळाने त्याने ती सोडली.

“कुठे शिकलीस?” त्याने विचारलं.

“लॉन्ड्रीच्या व्हॅनवर.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही आज विचारलंत.”

पुढे टायरवाला येईपर्यंत तो तिच्या हातांकडे बघत होता. उतरताना म्हणाला, “गिअर छान टाकतेस.” त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फार होतं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघांना बाद केलं. जावांना त्यांनी फक्त, “टाइल्स कुठल्या रंगाच्या आहेत?” एवढं विचारलं. मग मातकट गाडी आली. टकाटकने किल्ली देताना तोंड उघडलं, तेव्हा धाकटीनेच “एकदम टकाटक” म्हणून टाकलं.

गाडी खरंच काटकसरी निघाली. एक दिवस थोरली चालवायची, एक दिवस तिच्याकडून शिकलेली धाकटी. वेग एकसारखा, घाई नाही, आणि डिझेल असं पुरायचं की दोघे भाऊ रोज संध्याकाळी काट्याकडे बघून थक्क व्हायचे, आणि आपल्यामुळेच अशी गाडी मिळाली म्हणून शेजाऱ्यांना सांगायचे.

एका शुक्रवारी मात्र काटा नेहमीपेक्षा बराच खाली होता. भावांना चैन पडेना. त्यांनी बॉनेट उघडलं. एकाला एअर फिल्टरचा संशय, दुसऱ्याला टायरचा. दोघांची डोकी आत, आवाज बाहेर.

वर खिडकीत जावा चहा पीत उभ्या होत्या. त्या दिवशी पाळी लवकर सुटली होती. रस्ता कारखान्याच्या पुढे कुठे जातो, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून बघून आल्या होत्या. पुढे एक मोठा तलाव होता, काठाला होड्या होत्या, आणि धाकटीच्या सँडलला अजून ओली वाळू चिकटलेली होती.

“सांगायचं का त्यांना?” धाकटीने विचारलं.

थोरलीने खाली पाहिलं. तिचा नवरा इंजिनात वाकून, कान लावून ऐकत होता.

“एअर फिल्टर झाल्यावर बघू,” ती म्हणाली.