ठमीचं घोरणं

दादाला मी गेल्या खेपेलाच बजावलं होतं, "परत हिला पोटुशी करून आणलीस, तर दवाखान्याचं दार उघडणार नाही." तेव्हा मुकाट मान हलवून गेला. आणि आज भर दुपारी, मी डब्याचं झाकण काढते न काढते तोच, ठमीला चादरीत गुंडाळून हजर! मागे वहिनी. दोघांनाही पक्कं ठाऊक, ही नुसती तोंडाची फटकळ आहे, दार काही लावत नाही. खरंच आहे ते. कळा देणारं जनावर दारात आणि मी आत तत्त्वं चघळत बसू का?

ठमी ही दादाची चपट्या तोंडाची कुत्री. बुटकी, बटाट्या डोळ्यांची, आणि नाक असं, की कुणी अंगठ्याने आत दाबून बसवलंय. दादा असलीच पिल्लं विकतो. तोंड जितकं चपटं, तितकं गिऱ्हाईक खूश. पण पिल्लांची डोकी एवढाली आणि आईची कंबर एवढीशी, त्यामुळे आपलं आपण बाळंत होणं ठमीच्या नशिबातच नाही. दर वेळी पोट फाडायचं, आणि ते मी फाडायचं. सख्खी बहीण जनावरांची डॉक्टर, मग काय, घरचीच सोय!

"कळा कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळपासून. म्हटलं, या खेपेला जमेल तिला," दादा म्हणाला.

"कसं जमेल? तू मडक्याच्या तोंडातून भोपळा काढून दाखव, मग मी मानते."

"बरं बाई, शिव्या नंतर घाल. आधी तिला बघ."

वहिनी ठमीचं डोकं कुरवाळत होती. ठमीचा जबडा वासलेला, जीभ बाहेर, घशातून घर्रर्र घर्रर्र चाललेलं. "बघा वन्सं, एवढ्या कळांतही कशी हसतेय माझी बाय!"

माझं डोकंच फिरलं. "ती हसत नाहीये, वहिनी. तिला श्वास पुरत नाहीये. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ना? हिचं नाक जन्मापासून दाबलेलं आहे."

"काहीतरीच तुमचं! पिल्लू होती तेव्हापासून अशीच आहे ती. झोपली की अख्ख्या घराला ऐकू जातं. तिचं घोरणं कानावर पडल्याशिवाय मला झोप येत नाही."

आता हिला काय बोलायचं? वहिनी दुष्ट असती तर बरं झालं असतं, कडाकडा भांडता तरी आलं असतं. पण ती ठमीला हाताने भरवते. उकाड्यात ओलं फडकं घेऊन तिच्या उशाशी बसते. जीव आहे तिचा ठमीवर.

मी दादाला बाजूला घेतलं. "पोट उघडतेच आहे, तर पिशवी काढून टाकते. पुढे कधीतरी नाकपुड्याही मोठ्या करून देते. हो म्हण."

"नाकाला हात लावू नकोस. लोक पिल्लाआधी आईचं तोंड बघतात."

"मग पिशवी तरी?"

"एक खेप होऊ दे अजून."

"मागेही हेच म्हणाला होतास!"

दादा चिडला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "काढशील गं तू हिची. मग मला दुसरी आणावी लागेल. तीही तुझ्याच टेबलावर येईल."

दादा खोटं बोलत नाही, हेच वाईट आहे.

ठमीला गुंगी दिली, घशात श्वासाची नळी घातली, पोट उघडलं. एकेक पिल्लू काढून मदतनीस बाईंच्या हातात दिलं. त्यांनी टॉवेलने खसाखसा चोळून सगळ्यांना रडवलं. रिकामी पिशवी माझ्या हातात होती. न विचारता कापली असती, तरी दादाला पुढच्या हंगामापर्यंत पत्ता लागला नसता. हिला सोडवायची म्हणजे कुठल्यातरी दुसरीला अडकवायची. मी पिशवी शिवली आणि पोट बंद केलं.

ठमीला जाग आली. एरवी कुठलंही कुत्रं शुद्धीवर आलं की घशातल्या नळीने ठसकतं, ओकाऱ्या काढतं, तेव्हा ती लगेच काढावी लागते. ठमी ठसकली नाही. नळी तोंडात धरून ती डोळे उघडे ठेवून शांत पडून राहिली. छाती सावकाश वरखाली होत होती. जीभ गुलाबी झाली होती, कधी नव्हे ती. शेपटी हळूच हलली. जन्मात पहिल्यांदा तिला पोटभर हवा मिळत होती, आणि ती सोडायला बिचारी तयार नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

बाहेरून वहिनीचा हुंदका ऐकू आला. "आवाज का येत नाही हो? वन्सं, गेली का माझी ठमी?"

"आहे! चांगली आहे!" मी ओरडले. "इतकी चांगली ती कधीच नव्हती!"

तरी वहिनी आत घुसलीच, मागोमाग दादा. "मग घोरत का नाही?" वहिनीचं तोंड पांढरं पडलं होतं.

नळी ठेवता येत नाही. पुरती जागी झाली की चावेल, तुकडा आत जाईल, जिवावर बेतेल. नळीसकट कुणाला घरी पाठवता येत नाही. तरी मी उगाच टाके बघितले, उगाच नाडी बघितली. ठमी माझ्याकडे बघत होती. मग मी तिचा जबडा धरला आणि नळी ओढून काढली.

तिने एक आचका दिला. जबडा वासला, जीभ बाहेर आली. घर्रर्र. घर्रर्र.

"आली! आली गं माझी बाय!" वहिनी माझ्या गळ्यातच पडली. दादाने डोळे पुसले. टॉवेलातलं सगळ्यांत बारकं पिल्लू तोंड उघडून बारीक घरघरत होतं, त्याला उचलून तो हसला. "हा बघ, आईवर गेलाय!"

"तुमचे उपकार कसे फेडू, वन्सं?" वहिनी म्हणत होती. "तुम्ही तिचा आवाज परत आणलात."

नळी अजून माझ्या हातातच होती.