डावीकडची पट्टी

चाळणीकाकूंनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, जाहीर नोटिसा, मतदारयाद्या, एकदा तर अख्ख्या शहराचा टेलिफोन कोश. त्यात त्यांचं नाव कुठे? शोधून दाखवा. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर, छापखान्याचं शेवटच्या पानावर, आणि तपासणाऱ्याचं नाव निघणार ते चूक सापडल्यावरच. काम चोख झालं तर आम्ही नव्हतोच आणि चुकलं तर आम्हीच होतो, असं त्या म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं?

छापखाना बंद पडला. पंचावन्नाव्या वर्षी काकू चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं छापणारी यंत्रं या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत. यंत्राला द्यायच्या प्रत्येक आज्ञेचं एक माहितीचं पान होतं. अशी एकशे चाळीस पानं. मजकूर बरोबर, पण मांडणी म्हणजे सावळागोंधळ, आणि तो निस्तरणं हे काकूंचं काम. आज्ञेचं नाव एका ओळीत ठळक, तर पुढच्याच ओळीत साधं. वापरणाऱ्याने स्वतः भरायचा शब्द तिरपा हवा, तर तो कधी तिरपा, कधी ताठ. पूर्णविरामानंतर दोन-दोन जागा सोडलेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे उणे चिन्हाच्या जागी लांब आडवी रेघ. दिसायला तसंच, पण कोणी ती ओळ उचलून यंत्राला दिली की यंत्र ढिम्म हलत नसे.

हे सगळं लिहिणारा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला, एवढंच काकूंना सांगितलं होतं. त्या रोज त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावत. अरे बाबा, एवढं डोकं होतं तुला, मग हात का असा सैल? पण रोज एखाद्याच्या चुका निवडत बसलं की त्याची ओळखही होते. कुठे तो कंटाळला, कुठे घाईत होता, कुठलं पान भुकेल्या पोटी लिहिलं, हे काकूंना कळायला लागलं. एकच पान असं निघालं, यंत्राची सुई साफ करण्याचं, ज्यात काढायला खडासुद्धा नव्हता. काकू त्यावरून दोनदा फिरल्या, जरा चिडल्यासुद्धा, आणि शेवटी नियमाप्रमाणे ओळींची लांबी तेवढी सारखी करून पुढे गेल्या.

तिसऱ्या महिन्यात काम संपलं आणि काकूंचे सगळे बदल एकदमच मूळ पानांत चढवले गेले. टीमचा प्रमुख, काकूंच्या भाच्याच्या वयाचा पोरगा, म्हणाला, एक गंमत बघा, आणि त्याने पडद्यावर डावीकडची एक पट्टी उघडली. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव, तारीख आणि वेळ तिथे आपोआप टिपली जाते. मांडणी सुधारताना काकूंनी प्रत्येक ओळ हलवली होती, त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकच नाव, काकूंचं. पाच हजार ओळी. मालक फक्त ही पट्टी बघतात, तो म्हणाला, तुम्ही कायम झाल्यातच जमा. काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मोबाईलवर फोटो काढून त्यांनी नवऱ्याला दाखवला. सगळीकडे तूच? मग घरापेक्षा वेगळं काय आहे, असं नवरा म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना तोच फोटो दाखवताना पकडला गेला.

काकूंच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. सॉफ्टवेअर नीट चालतं का ते तपासणं तिचं काम. अबोल, पण लाघवी. दुपारी दोघी एकत्र डबा खायच्या, आणि डबा संपला की मुलगी पाच मिनिटं एखादं माहितीचं पान उघडून बघत बसायची. किती कामसू पोर, असं काकूंना वाटायचं. काकूंनी फोटो काढला त्या आठवड्यापासून तिने पान उघडणं सोडलं. जेवून नुसती खिडकीशी उभी राहायची. काकूंनी चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी प्रमुखाला गाठलं. माझ्या तोंडून पोरीला काही वेडंवाकडं गेलं का, म्हणून विचारलं.

प्रमुख कानकोंडा झाला. ती पानं लिहिणारे म्हणजे तिचे वडील, तो म्हणाला. ती रोज त्या पट्टीतल्या तारखा वाचायची. ही ओळ माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीची, म्हणायची, ही आम्ही घर बदललं त्या सकाळची. आता सगळीकडे काकूंचं नाव आणि याच तीन महिन्यांतल्या तारखा.

चुका काढता काढता माणूसच काढून टाकला की मी, काकू म्हणाल्या. यावर काही इलाज नाही का, असं त्यांनी विचारलं. होता, आणि सोपा होता. प्रत्येक बदलाला एक क्रमांक मिळतो, आणि एक यादी असते. नुसती मांडणी सुधारलेल्या बदलांचे क्रमांक त्या यादीत टाकले की सुधारणा तशाच राहतात, पण पट्टी ते बदल जमेस धरत नाही आणि आधीचं नाव परत दिसायला लागतं. मुलीला हे ठाऊक होतं. काकू कायम होईपर्यंत विषयसुद्धा काढू नका, असं तिनेच प्रमुखाला बजावलं होतं. मालक सोमवारी येतायत, तो म्हणाला, ते बघून गेले की मंगळवारी करून टाकू. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

काकू जागेवर येऊन बसल्या. मंगळवार काही वाईट वार नव्हता, आणि नोकरीची गरज होती, उगाच मोठेपणा कशाला? तासभर त्यांनी एका अक्षराला हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्या पोरीचाही राग आला, तिच्या बापाचाही आला. मग उठल्या आणि प्रमुखासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तीस वर्षांत मी लेखकाचं नाव एकदाही चुकू दिलं नाही. सगळ्यात आधी तेच तपासायचं असतं. इथे ते पाच हजार ठिकाणी चुकलंय. आत्ता दुरुस्त कर."

त्याने यादीची फाइल उघडून काकूंच्याच हातून क्रमांक भरून घेतले. यादीतल्या तेवढ्या ओळी काकूंच्या नावावर राहिल्या.

सोमवारी मालकांनी पट्टी पाहिली आणि यात बाईंचं काम कुठे दिसतंय, असं विचारलं. प्रमुखाने जीव तोडून सांगितलं. मालकांनी मान डोलावली आणि काकूंना आणखी तीन महिने बोलीवरच ठेवलं. काकूंचा दिवसभर तिळपापड झाला. जे वाटलं ते वाटलं.

मंगळवारी जेवण झाल्यावर त्यांनी मुलीला पान उघडायला लावलं. डावीकडे वडिलांचं नाव बघून ती एकदम रडायलाच लागली. काकूंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि रडू दिलं. मग म्हणाल्या, आता माझं एक कोडं सोडव, आणि सुई साफ करण्याचं पान उघडलं. तुझ्या बाबांच्या एकशे चाळीस पानांत बिनचूक असं हे एकच. तारीख बघून सांग, त्या दिवशी काय होतं?

मुलगी तारखेकडे बघत राहिली. हे रुक्ष पान तिने कधी उघडलंच नव्हतं.

"मी नववीत होते," ती हळूहळू म्हणाली. "कावीळ झाली होती, महिनाभर अंथरुणात. वेळ जात नाही म्हणून रडायचे. बाबांनी हे पान छापून आणलं, लाल पेन दिलं आणि म्हणाले, माझ्या चुका काढ, एका चुकीला एक गोष्ट सांगेन. एकतीस गोष्टी झाल्या, काकू. मी विसरूनच गेले होते." तिने डावीकडे बोट दाखवलं. "पण इथे माझं नाव नाही."

"तपासणाऱ्याचं येत नसतं गं," काकू म्हणाल्या. "पण मी दोनदा फिरले त्या पानावरून. मला एक खडासुद्धा सापडला नाही."