पुंजारामची उपकारस्तुती

पारूबाईनं घरी उपकारस्तुती ठेवली, तशी गल्लीत कुजबूज सुरू झाली. पोरगं पास झालं, घर बांधून झालं, की प्रभूचे आभार मानायला ठेवतात ती सभा. आणि हिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, तर साखरेच्या आजारानं गुडघ्यापासून पाय गेलेला!

"आभार कशाचे गं? उरलेल्या पायाचे?" खुद्द पुंजारामच खेकसला. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं चर्चचं नाव काढलं नव्हतं.

"तुम्ही उरलात, त्याचे," म्हणून पारूबाई तांदूळ निवडायला बसली. एका पायाचा माणूस ती सांभाळील. पण देवाशी अबोला धरलेला हा माणूस आतून वाळत चालला होता, त्याला कसं सांभाळायचं? सुपातल्या खड्यांबरोबर ओवी ओठांवर आली:

धन्याच्या मनाला कुलूप लागलं
किल्लीसाठी बापा, तुझं दार वाजिवलं

रविवारी माणसं जमली. गंगापूरहून जीपनं नणंद आली. औरंगपुऱ्याच्या रिक्षास्टँडवरचा राजकुमार आला. तो राहायचा पलीकडं बुद्धविहाराशेजारी. पण पुंजारामला दवाखान्यात उचलून नेणारा-आणणारा तोच. भजन रंगलं. पुंजाराम मात्र पलंगावर, भिंतीकडं तोंड करून.

चर्चचे पाळकसाहेब नवे, तरुण. सवयीनं बोलून गेले, "आता पुंजारामभाऊ उभे राहून साक्ष देतील, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगतील."

टाळ थांबले. पाळकांचा चेहरा खर्रकन उतरला. पारूबाईनं पदर तोंडात धरला.

पुंजाराम वळला. "राहतो की उभा. कशावर राहू?"

"माझ्यावर, मामा," म्हणत राजकुमार पुढं झाला. दुसरा खांदा पाळकांनी दिला. "दवाखान्यात खाऊन लई जड झालात हो, मामा!"

"तुझ्याच बायकोचे डबे व्हते ते, लेका!"

माणसं हसली. दोघांच्या खांद्यांवर पुंजाराम उभा राहिला.

"साक्ष म्हणाल तर... मी पाय मागितला व्हता. लई मागितला. नाय दिला त्यानं. मी रुसलोय त्याच्यावर. अजून बी रुसलोय."

"अगं बाई!" नणंद पुटपुटली.

"पण परक्यावर कोण रुसतं, ताई? माणूस घरच्यावरच रुसतं. म्हंजे तो घरचाच हाय. क्रुसावर खिळे ठोकले तवा प्रभूनं बी बापाला इचारलंच की, मला का टाकलंस? मग माझ्या तोंडचं त्याला कळत नसंल व्हय?"

"आपण प्रार्थना करू," पाळक हळूच म्हणाले. "भाऊंना बसवा."

"थांबा ना, पाळकसाहेब. एवढ्यात नका बसवू. लई दिसांनी साऱ्यांची तोंडं वरून दिसायलीत."

"मामा, माझा खांदा..."

"गप धर!"

प्रार्थना उभ्यानंच सुरू झाली. पारूबाईला तिच्यातला एक शब्द ऐकू आला नाही. ती आपली मनातल्या मनात आभार मानत सुटली होती. पाळकांच्या चुकीचे, आणि धन्याच्या रुसव्याचेसुद्धा.