शेपटी लागली आणि मी सावरलो

मी गायरोप्लेन बोलतोय. देवबागच्या किनाऱ्यावर मला नुसतं 'पंखो' म्हणतात, तेही चालेल. विमान नाही, हेलिकॉप्टर नाही, पण तोरा दोघांपेक्षा जास्त. माझ्या डोक्यावरचं पातं वारा फिरवतो. मागचं इंजिन मला फक्त पुढे ढकलतं. ते बंद पडलं तरी मी धोंड्यासारखा कोसळत नाही, अलगद उतरतो.

दत्तारामने मला घडवलं. हवाई दलातून निवृत्त झालेला मेकॅनिक तो. उडायचं होतं त्याच्या धाकट्या भावाला, गुरुदासला. दोन्ही मुलगे हवेच्या नादी, म्हणून त्यांच्या आईचं, अक्काचं, रोजचं एकच पालुपद: "एक झील तरी जमिनीर ठेव रे, दत्ता."

ओहोटीच्या ओल्या वाळूवर, जीपमागे दोर बांधून, इंजिन बंद ठेवून शिकवणी सुरू झाली. गुरुदास लहानपणापासून होडीवरचा. माझं नाक जरा वर झालं की तो मला वळवायचा दांडा पुढे लोटी, खाली झुकलं की मागे ओढी. तोवर मी उलट निघालेला असे. हेलकावे वाढतच गेले आणि आम्ही वाळूत आपटलो. माझं चाक मोडलं, त्याचा ओठ फुटला.

"दादा, ह्यां माझ्यान जमाचा नाय," गुरुदास म्हणाला.

"जमात. तुझो हात होडयेचो. थंय दर लाटेक उत्तर देवचा लागता. हय हात उगी रवाक होयो."

खोटं कशाला बोलू, खोट माझ्यातही होती. मला आडवी शेपटीच नव्हती. इंजिनही उंच बसवलेलं. त्याने जोर केला की नाक खाली दाबलं जाणार. हवेत तसा पुढे उलथलो असतो तर सावरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. दत्तारामने इंजिन खाली घेतलं, आसन वर घेतलं आणि मागे रुंद फळी जोडली. होडीला तोल धरणारी उलांडी, तशी मला ती. मग नियम घातला: दांडा सैल धरून मला दोरावर शांत ठेवता येईल, तेव्हाच इंजिन.

कुणकेश्वरची जत्रा आली. गुरुदासला जत्रेवरून उडून दाखवायची भारी हौस. दत्ताराम नाही म्हणजे नाही. भाऊ भावाशी बोलेना. मला मात्र बरं वाटलं. माझ्यावर बसून घाई केलेली मला खपत नाही.

पुढे गुरुदास दोरावर तयार झाला आणि आम्ही इंजिन लावून उडालो. समुद्रावर वाऱ्याचा झोत बसला, नाक वर गेलं. त्याची बोटं शिवशिवली, मला कळलं. पण हात उगी राहिला. शेपटीने आपलं काम केलं आणि मी सरळ झालो.

उतरल्यावर ऐकलं, की खाली दत्ताराम रिकाम्या मुठीने नसलेला दांडा पुढेमागे करत होता. शेवटी अक्कानेच त्याचा हात धरला. "उगी रव रे. तो बरो येता हा."

आता खाऱ्या हवेने माझा रंग गेलाय, पण वेंगुर्ल्यापासून माणसं शिकायला येतात. नव्या वैमानिकांनो, आधी माझी शेपटी तपासा, दोरावर दिवस काढा, मग इंजिन मागा. आणि वर गेल्यावर खाली दत्तारामकडे बघू नका. आपली मूठ हलू नये म्हणून तो अजून अक्काचा हात धरून उभा असतो.