टाकीचं झाकण

"बाई, गाडी ठणठणीत आहे. आता तुम्हीच एकदा डॉक्टरला दाखवून घ्या," मिस्त्री म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला.

नर्सबाई हसली नाही. चिडलीही नाही. तिनं हेल्मेट डोक्यात घातलं, लशींचा डबा मागच्या कॅरियरला दोरीनं आवळला आणि किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मिस्त्रीनं दोन्ही हात पसरले, बघा, काय म्हणत होतो मी!

"माझ्या दारात कधी बंद पडलीय का सांगा."

"नाही पडली," ती म्हणाली.

"मग?"

मग काय, ती निघून गेली. मिस्त्री पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगायचा, की त्या बाईशी भांडायचीसुद्धा सोय नाही. माणूस दोन शब्द उलटून बोललं तर भांडणाला मजा. ही नुसती ऐकून घेते.

ऐकून घेत होती हे खरं, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. नऊ दिवस ताप. ताप तिनंच मोजला, कागदावर तिनंच लिहिला, आणि दहाव्या दिवशी लिहायला काही उरलं नाही. तेव्हापासून आतून सगळं बधिर. रडणं नाही, झोप नाही असंही नाही, भूक नाही असंही नाही. समोर आलं ते खायचं, सांगितलं ते करायचं. गाव म्हणायचं, बाई खमकी आहे हो! खमकी कसली डोंबलाची! खमक्या माणसाला दुखतं आणि ते दाबून ठेवतं. हिला दुखतच नव्हतं, आणि त्याचीच तिला कधी कधी भीती वाटायची.

गाडी नवऱ्याची, सोळा वर्षांची. शीटला ठिगळ, एका बाजूचा आरसा गायब, पण इंजीन दणकट. पीक निघालेल्या रानात ढेकळांतून त्यानंच तिला चालवायला शिकवली होती. तो गेल्यावर तीच गाडी घेऊन ती आठ वस्त्यांवर लशी द्यायला जाऊ लागली. सहा महिने काही कुरबुर नव्हती. आणि गेल्या दीड महिन्यापासून हे सुरू झालेलं.

घरून निघताना गाडी सुतासारखी सरळ. कालवा ओलांडला, वीटभट्टी मागं पडली, पाचेक मैल झाले, की पहिला आचका. मग दुसरा. मग घसा बसल्यासारखा आवाज, आणि बंद. त्यानंतर किक मारून मारून पाय मोडला तरी दाद नाही. घाम पुसत पंधरावीस मिनिटं बांधावर बसावं, की महाराणी आपण होऊन सुरू! पुन्हा पाच मैल, पुन्हा तेच.

मिस्त्रीनं प्लग दोनदा बदलला. कार्बोरेटर उघडून रॉकेलनं धुतला. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून फुंकला, वायरी तपासल्या. हात त्याचा चांगला होता, त्यात खोट नव्हती. फक्त एक सवय होती. गाडी दारात आली की आधी टाकीचं झाकण उघडायचं, एक डोळा मिटून आत बघायचं, गाडी कमरेनं हलवून पेट्रोलचा आवाज ऐकायचा, झाकण लावायचं आणि मगच किक. त्यामुळं त्याच्या दारात गाडी कधी बंद म्हणून राहिलीच नाही. पण हे तेव्हा त्यालाही उमगलं नव्हतं आणि तिलाही.

सल्ले मात्र गावभर पिकले. कुणी म्हणे पेट्रोलात पाणी आहे, कुणी म्हणे ऊन सोसत नाही तिला. शेजारीण म्हणाली, "ज्याची गाडी त्याचाच हात लागतो गं तिला. विकून टाक." नर्सबाईनं तेही ऐकून घेतलं.

आता यात अडचण अशी, की टेकडीवरच्या वस्तीवर ती दोन गुरुवार उशिरा पोचली होती. तिथल्या बाया तान्ही पोरं घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसायच्या, पण अकरापर्यंतच. मग रानातली कामं कुणी करायची? दोन्ही वेळा बाई पोचली तेव्हा व्हरांडा रिकामा. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं.

"हे बघा, तुमच्यावर काय गुजरलंय ते मला ठाऊक आहे. पण पोरांच्या लशी राहतायत. येत्या गुरुवारी पुन्हा उशीर झाला, तर मी ते काम दुसरीला देणार. माझा नाइलाज आहे."

काम हंगामी. एकदा गेलं की गेलं. आणि काम गेलं की तिचा भाऊ तिला न्यायला येणार, हे ठरल्यासारखंच होतं. त्यानं पोती हलवून एक खोली रिकामी करून ठेवली होती. भाऊ भला माणूस, भावजय भली. नावं ठेवायला जागा नव्हती. पण तिला जायचं नव्हतं. ह्या घरात सुतारकाम करणारा सासरा होता, कानानं पार गेलेली सासू होती, आणि तिला तिथंच राहायचं होतं. का, ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बधिर झालेल्या मनात तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती.

गुरुवार उजाडला तोच भाजत. सकाळी आठालाच वाऱ्यात धग होती. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि रस्त्यावरची धूळ पिठासारखी मऊ, चाक गेलं की गुडघ्यापर्यंत उडायची. बाई मुद्दाम तासभर लवकर निघाली. कालवा गेला, वीटभट्टी गेली, चढ लागला आणि पहिला आचका बसला.

"नको ना," ती गाडीला म्हणाली. आठ महिन्यांत तिनं कुणाला काही विनवलं असेल तर ते हेच.

गाडी बंद पडली. पंधरा मिनिटांनी सुरू झाली. पुन्हा बंद पडली ती पार भेंडीच्या एका रानाजवळ. घड्याळात सव्वादहा. टेकडी समोर दिसत होती, पण लशींचा डबा डोक्यावर घेऊन चालायचं म्हटलं तरी दीड तास. किक मारली, मारली, मारली. शेवटी ती बांधावर बसली. डब्यातला बर्फ वितळत असेल, एवढंच मनात आलं, आणि तेही दुसऱ्याच्या डब्याबद्दल असावं तसं.

रानात एक काकू पाठीला पंप बांधून फवारत होती. तिचं आणि पंपाचं जोरात भांडण चाललेलं.

"ओढ की, मेल्या! सकाळी काय खाल्लं नाहीस?" ती दांडा खालीवर करत ओरडत होती. मग पंप खाली ठेवून तिनं वरचं झाकण थोडं सैल केलं. फुस्स झालं. पुन्हा पाठीला लावला, तर फवारा भरभरून.

"काकू, काय झालं होतं त्याला?" बाईनं बांधावरून विचारलं.

"काय व्हायचंय! झाकणाचं भोक चिखलानं बुजलं. वरून वारा आत गेला नाही तर खालून औषध येईल का? आवळून बांधलेल्या पिशवीतून कधी पाणी ओतलंस का तू?" काकू जवळ आली. "आणि तू इथं का गं वाळत बसलीस? तोंड बघ, तोंड. पाणी पी आधी."

बाई पाणी प्यायली नाही. ती उठली, गाडीपाशी गेली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

टाकीनं एवढ्या जोरात वारा आत ओढला, की काकूसुद्धा म्हणाली, "अगं बाई, हिचंही तेच की!"

पुढच्या किकला गाडी सुरू. काकूनं आपल्या डोक्याच्या फडक्याची चिंधी फाडून दिली. ती मध्ये घालून झाकण अर्धवट बसवलं आणि बाई सुटली. खड्डा आला की पेट्रोल उसळायचं, मांडीवर सांडायचं, पातळाला वास चढायचा. आचका मात्र एकही आला नाही. पावणेअकराला ती व्हरांड्यात होती आणि चौदा बाया चौदा पोरं घेऊन बसल्या होत्या.

एक जण म्हणाली, "आलात? आम्ही आता उठणारच होतो."

चौदा पोरांनी रडून शाळा डोक्यावर घेतली. काम राहिलं. राहायचं ठिकाणही राहिलं. आनंद व्हायला हवा होता, असं तिला वाटलं. पण झाला नाही.

परतीच्या वाटेवर वीटभट्टीच्या सावलीत थांबून तिनं झाकण उलटं करून नीट पाहिलं. आतल्या बाजूला वाऱ्याचं बारीक भोक असायला हवं तिथं भोक नव्हतं. कचरा अडकलेला नव्हता, मातीही नव्हती. सरसात लाकडाचा भुसा कालवून कुणीतरी ते बुजवलं होतं, घासून गुळगुळीत केलं होतं आणि वरून काळा रंग दिला होता. मिस्त्रीच्या बापालाही दिसलं नसतं असं बेमालूम काम. असा हात सगळ्या गावात एकाचाच होता.

दिवस अजून वर होता तेव्हा ती घरी पोचली. गाडी नेहमीसारखी ढकलत पुढच्या खोलीत घेतली. सासरा एका चौकटीला रंधा मारत होता. सासू भिंतीला टेकून धान्य निवडत बसली होती, पाठ दाराकडं. तिला गाडी ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. पण तिनं एकाएकी मान वर केली, नाक वर केलं, सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली. दाराकडं एकदा बघून ती आत गेली.

सासऱ्याच्या हातातला रंधा थांबला. 

"आज वास कसा आला?" तो म्हणाला.

नर्सबाईनं झाकण त्याच्यापुढं धरलं. "मामंजी, हे तुम्ही केलंत?"

म्हाताऱ्यानं झाकण हातात घेतलं. मग खाली बसला.

"केलं. काय करू, पोरी? तू गाडी आत घेतलीस की पेट्रोलचा वास सुटायचा, आणि ही बसल्या जागची उठायची. आधी दाराकडं बघायची. दररोज. पोरगा असाच यायचा ना, त्याच वासाचा. मला बघवेना गं. ही दररोज त्याची वाट बघते आणि दररोज तो येत नाही. म्हटलं, वासच बंद करू. झाकण उघडून बघितलं तर भोक. भोक दिसलं की बुजवायचं, जन्मभर तेच केलंय मी. त्यानं गाडी बंद पडते हे मला काय ठाऊक!"

"रोज बंद पडायची, मामंजी."

"मला वाटलं, जुनी झाली." त्यानं डोळे पुसले. "तुझं काम जात होतं, आणि मी इथं बसून मिस्त्रीला शिव्या देत होतो."

तिला राग यायला हवा होता. तोही आला नाही.  तेवढ्यात सासू आतून बाहेर आली. हातात चहाचा कप. तिनं तो सुनेच्या हातात दिला आणि दोघांच्या तोंडांकडं बघून कडाडली, "काय झालं? कोण गेलं?"

बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. म्हाताऱ्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. भोक, सरस, वास, पोराची वाट. म्हातारी ऐकत गेली आणि तिचा चेहरा तापत गेला.

"मला काय खुळी समजलात? पोरगा गेला तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं त्याचं. तो यायचा नाही, एवढं कळत नाही मला? मी हिच्यासाठी उठत होते! कान गेले, गाडी ऐकू येत नाही. वास आला की कळायचं, पोरगी आली, चहा टाकायचा. वास येईना तशी दीड महिना बसून राहिले. मला वाटलं, कान गेले तसं आता नाकही गेलं!"

नर्सबाईनं हातातल्या कपाकडं पाहिलं. सहा महिने तिला घरी आल्या आल्या चहा मिळत होता. मग दीड महिना मिळाला नव्हता. आणि मिळत होता हेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं, मिळेनासा झाला हेही नाही. ती चौकटीवर बसली आणि रडू लागली. आवाज आवरेना. सासऱ्याला काय करावं कळेना. सासूला तो आवाज ऐकू जात नव्हता, पण सुनेचे खांदे हलताना दिसत होते. तिनं सुनेच्या हातातला कप काढून जमिनीवर ठेवला आणि तिचं डोकं पोटाशी धरलं.

"आधी ते भोक उघडा," ती नवऱ्यावर ओरडली. "उद्या जायचंय हिला."

म्हाताऱ्यानं बारीकातलं गिरमिट घेतलं. झाकण दोन गुडघ्यांत धरलं, सरस टोकरून काढला, फुंकर मारली, उजेडाकडं धरून बघितलं. मग ते टाकीवर बसवलं, घट्ट फिरवलं आणि म्हातारीचा हात धरून तिला गाडीपाशी आणलं.

"येतोय का?" त्यानं विचारलं.

तिला ऐकू आलं नाही. पण तिनं नाक वर केलं आणि मान डोलावली.